लेखनफलक

लिहिलेला मजकूर पुसून पुन्हा पुन्हा वापरता येणारा सपाट पृष्ठभाग. धुळीने आच्छादलेली लाकडी फळी म्हणजे धूळपाटी, काजळीने काळी केलेली फळी, चौकटीची दगडी पाटी, पत्र्याची व पुठ्ठ्याची पाटी, भिंतीवरील काळा फळा आणि व्हाइटबोर्ड या नावाने परिचित असलेला पांढरा फळा यांचा अशा पृष्ठभागांत समावेश होतो. शिलालेख, ताम्रपट, भूर्जपत्र, ताडपत्र व कागद ही साधने मजकूर टिकविण्यासाठी असतात. लेखनफलकाचे प्रयोजन बहुधा याच्या उलट असते. अक्षर गिरविणे, आकडेमोड करणे, कच्ची नोंद ठेवणे यांसाठी केलेले लेखन काम होताच नाहीसे करता यावे, हीच त्याची सोय होय.

यांपैकी बहुतेक फलक स्थानिक व अल्पमोलाच्या द्रव्यांपासून घरी किंवा शाळेतच बनविले जात. ज्यांना कागद परवडत नव्हता, त्यांच्यापर्यंत अक्षर पोहोचले ते मुख्यतः या साधनांमुळे. म्हणून लेखनफलकाचा इतिहास हा बऱ्याच अंशी साक्षरतेच्या प्रसाराचा आणि त्या प्रसाराला पडलेल्या मर्यादांचाही इतिहास आहे. मराठीतील ‘फळा’ व ‘फळी’ हे शब्द संस्कृत ‘फलक’ या शब्दापासून आले असून ‘पाटी’ हा शब्द ‘पट्ट’, ‘पट्टिका’ या शब्दांशी संबंधित आहे. ‘धुळाक्षरे गिरविणे’, ‘पाटी कोरी असणे’ यांसारखे वाक्प्रचार या साधनांच्या दीर्घकालीन वापराची साक्ष देतात.

प्राचीन उल्लेख : बौद्ध वाङ्‌मयात लेखनफलकाचे उल्लेख आढळतात. ललितविस्तर या ग्रंथात बालवयातील सिद्धार्थ लिपिशाळेत जातो, तेव्हा त्याच्या हाती चंदनाचा लिपिफलक असल्याचे वर्णन आहे. राजपुत्राचा फलक मौल्यवान लाकडाचा असला, तरी साधने तीच : फळी आणि लेखणी. जातककथांपैकी कटाहक जातकातील उल्लेख सामाजिक दृष्ट्या अधिक लक्षणीय आहे. श्रेष्ठीच्या मुलाबरोबर त्याचा फलक वाहून नेणारा कटाहक हा दासीपुत्र मालकाच्या मुलाचे शिक्षण चालू असताना स्वतःही लिहिण्यास शिकतो, आणि पुढे त्याच विद्येच्या बळावर मालकाच्या नावाचे बनावट पत्र तयार करून स्वतःचे नशीब बदलतो. लेखनफलकाजवळ जाण्याची संधी मिळणे म्हणजे विद्येजवळ जाणे होय, ही जाणीव या कथेत आहे.

महाराष्ट्रातील लेखनफलकाचा अतिप्राचीन उल्लेख नासिक येथील आहे. नासिकजवळच्या पांडवलेणी या लेणीसमूहातील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याचे लेख आहेत. त्यांपैकी एका लेखात त्याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणांची कायम ठेव ठेवल्याचे नमूद केले आहे. ही रक्कम नासिकच्या पश्चिमेस असलेल्या गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे व्याजाने ठेवण्यात आली. त्यांपैकी २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक आणि १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण या दराने होते. मूळ रक्कम परत घ्यावयाची नसून केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा होता. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी द्यावेत, असे ठरले होते. हा हिशेब चोख आहे : दोन हजारांचे या दराने वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते आणि वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा दिल्यास तेवढीच रक्कम लागते.

हा सर्व व्यवहार निगमसभेत वाचून दाखविण्यात आला आणि रीतीप्रमाणे ‘फलकवारा’त नोंदविण्यात आला, असे लेखाच्या शेवटी सांगितले आहे. ‘फलकवार’ म्हणजे नगरातील नोंदींचे दप्तर असा त्याचा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. ज्या अर्थी शब्दात ‘फलक’ आहे, त्या अर्थी कर्जाचे व ठेवींचे करार लाकडी फळ्यांवर लिहून ठेवण्याची प्रथा होती, असे मत गेओर्ख ब्यूलर या प्राच्यविद्यापंडिताने मांडले. येथे फलक केवळ विद्यार्थ्याचे साधन नाही. तो नगराच्या विश्वासाचा आधार आहे. फलकावरील मूळ नोंद लाकडाबरोबर नष्ट झाली. तिचा उल्लेख मात्र दगडात कोरल्यामुळे टिकला. लेखनफलकांच्या इतिहासाची हीच मुख्य अडचण आहे. पुसण्यासाठी असलेले व नाशवंत द्रव्याचे हे साधन स्वतःचा पुरावा मागे ठेवीत नाही. त्याची माहिती शिलालेख, ग्रंथ, प्रवासवर्णने व कोश यांतील प्रासंगिक उल्लेखांवरूनच मिळवावी लागते.

धूळपाटी व गणित : लाकडी फळीवर बारीक माती, वाळू किंवा विटेची पूड यांचा पातळ थर पसरून त्यावर बोटाने वा काडीने लिहिण्याची पद्धत भारतात फार जुनी आहे. या फळीवरूनच अंकगणिताला ‘पाटीगणित’ हे नाव पडले. श्रीधराचार्यांच्या ग्रंथाचे नावही तेच आहे. धुळीत लिहून गणित करण्यास ‘धूलिकर्म’ अशीही संज्ञा होती. या साधनाचा गणितपद्धतींवर परिणाम झाला. गुणाकाराच्या ‘कपाटसंधि’ या रीतीत गुण्याच्या वर किंवा खाली गुणक मांडून तो एकेक स्थान सरकवीत नेतात आणि आलेले अंक जुन्या अंकांच्या जागी लिहितात. अंक पुसणे सोपे असल्याने मोठ्या संख्यांचे गुणाकारही लहानशा फळीवर करता येत. मात्र अंतिम उत्तर मिळेपर्यंत मधल्या पायऱ्या पुसल्या गेलेल्या असत. त्यामुळे चूक कोठे झाली, हे नंतर तपासता येत नसे. प्रत्येक पायरी चालू असतानाच मनात पडताळून पाहणे, पाढे व सूत्रे मुखोद्‌गत असणे यांवर भारतीय गणिताध्यापनात दिलेला भर या परिस्थितीशी सुसंगत आहे. नियम लक्षात ठेवण्यास सोपे जावेत म्हणून ते पद्यात रचले जात. भास्कराचार्यांची लीलावती (११५०) हे याचे सर्वपरिचित उदाहरण होय. नासिकला लागून असलेल्या खानदेशातील पाटण (चाळीसगावजवळ) येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद तेथील शिलालेखात असून त्या मठाला शके ११२८ च्या सुमारास निकुंभ घराण्यातील सोईदेव याने देणगी दिली होती.

भारतीय अंकपद्धतीबरोबर धूळपाटीही पश्चिमेकडे गेली. अरबी भाषेत या गणितास ‘हिसाब अल्-गुबार’ म्हणजे धुळीचे गणित, तसेच ‘तख्त’ म्हणजे फळीचे गणित अशी नावे मिळाली. अल्-उक्लिदिसी या गणितज्ञाने ९५२-५३ मध्ये दमास्कस येथे लिहिलेल्या ग्रंथात भारतीय रीती कागद व शाई यांसाठी बदलून मांडल्या. धूळपाटी हाती दिसली की रस्त्यावर बसून भविष्य सांगणाऱ्या ज्योतिषांशी आपली गणना होईल, असा संकोच अनेकांना वाटतो, हे त्याने दिलेल्या कारणांपैकी एक आहे. म्हणजे दहाव्या शतकातच धूळपाटी हे गरिबाचे साधन मानले जाऊ लागले होते. तथापि ती नाहीशी झाली नाही; नासिरुद्दीन तूसी याने तेराव्या शतकात फळी व धूळ यांच्या साहाय्याने करावयाच्या गणितावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

काळी पाटी : अल्-बीरूनी याने १०३० च्या सुमारास लिहिलेल्या भारतविषयक ग्रंथात भारतातील शाळांत मुलांसाठी काळ्या पाट्या वापरतात, त्यांवर आडव्या बाजूने, डावीकडून उजवीकडे, पांढऱ्या द्रव्याने लिहितात, असे म्हटले आहे. या पाटीत धूळपाटीपेक्षा एक महत्त्वाचा फरक होता. धूळपाटीवरील अक्षर वाऱ्याने वा धक्क्याने मोडते. काळ्या पाटीवरील अक्षर पुसेपर्यंत टिकते आणि पाटी उभी धरून दुसऱ्यास दाखविता येते. उत्तर भारतात याच्या उलट रंगसंगतीची ‘तख्ती’ प्रचारात होती. लाकडी फळीवर मुलतानी मातीचा लेप देऊन ती वाळवीत आणि बोरूने काळ्या शाईत लिहीत. लेखन झाल्यावर फळी धुऊन पुन्हा लेप देत असत. पांढऱ्या पृष्ठभागावर काळे लेखन ही व्हाइटबोर्डची कल्पना या तख्तीत पूर्वीच आढळते.

पंतोजींच्या शाळा : ब्रिटिश अंमलापूर्वी व त्याच्या आरंभकाळात महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षण पंतोजींच्या शाळांतून होत असे. शाळेसाठी स्वतंत्र इमारत क्वचितच असे. देवळाची ओसरी, एखाद्या गृहस्थाची पडवी किंवा पंतोजींचे घर हीच शाळा. माउंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना (१८१९–२७) इलाख्यातील अशा शाळांची माहिती जिल्हाधिकाऱ्यांमार्फत मागविण्यात आली होती. छापील पुस्तके जवळजवळ नव्हती. मूल शाळेत आले की ‘ओनामासीधं’ने आरंभ करून ते धूळपाटीवर अक्षरे गिरवी. मोठ्या मुलाने किंवा पंतोजींनी काढून दिलेल्या अक्षरावरून ते बोट वा काडी फिरवी. हात वळल्यावर फळी हलवून धूळ सारखी करी आणि पुन्हा लिही. बाराखडी, अंक, पाढे, पावकी, निमकी ही याच क्रमाने येत. कागद, बोरू व शाई हाती मिळे ती यानंतर, मोडी अक्षराचा कित्ता गिरविण्यासाठी. कागद महाग असल्याने अक्षर सुधारण्याचा सर्व खर्च धुळीवर पडे, आणि धुळीला मोल नव्हते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) ‘धूळपाटी’ या शब्दाची नोंद आहे.

पाश्चात्त्य प्रवाशांना या पद्धतीचे आश्चर्य वाटले. प्येत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी १६२३ मध्ये होन्नावरहून घाट चढून इक्केरीकडे जात असता त्याला एका देवळाच्या ओसरीत चार मुले गणित शिकताना दिसली. ती पाठ एका सुरात म्हणत आणि त्याच वेळी जमिनीवर पसरलेल्या बारीक वाळूत बोटाने लिहीत. कागद खर्च होऊ नये हा त्यात हेतू होता. जमीन भरली की लिहिलेले मोडून नवी वाळू पसरीत. त्यांच्याजवळ शिक्षक नव्हता. ती एकमेकांना शिकवीत होती.

हीच पद्धत अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडला पोहोचली. मद्रास येथील मुलांच्या अनाथालयाचा प्रमुख अँड्रू बेल याने मलबारी शाळेतील मुले वाळूत लिहिताना पाहिली आणि तो प्रयोग आपल्या संस्थेत सुरू केला. हाताखालच्या शिक्षकांनी त्यास प्रतिसाद दिला नाही, तेव्हा त्याने एका लहान विद्यार्थ्याकडूनच खालच्या वर्गास वाळूत अक्षरे शिकविली. या अनुभवावरील त्याची पुस्तिका १७९७ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाली. जोसेफ लँकेस्टरने १७९८ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेल्या शाळेतही लहान मुले वाळू पसरलेल्या मेजांवर लिहीत. एका शिक्षकाने मोठ्या विद्यार्थ्यांच्या मदतीने शेकडो गरीब मुलांना शिकविण्याची ‘मद्रास पद्धती’ ही स्वस्त लेखनपृष्ठभागामुळेच व्यवहार्य ठरली.

दगडी पाटी : एकोणिसाव्या शतकात सरकारी व मिशनरी शाळांबरोबर लाकडी चौकटीची दगडी पाटी आणि तिच्यावर लिहिण्याची दगडी लेखणी महाराष्ट्रात रुळली. पाटीचा दगड हा पातळ थरांनी सुटणारा, रूपांतरित व बारीक कणांचा असतो. लेखणी त्याहून मऊ दगडाची असते. लेखणी घासली जाऊन तिची पूड पाटीवर करड्या-पांढऱ्या रेघेच्या रूपाने राहते आणि ओल्या फडक्याने निघून जाते. एक पाटी अनेक वर्षे टिके व घरातील एका मुलाकडून दुसऱ्याकडे जाई. ती पडून फुटण्याचा धोका असल्याने पुढे काळा रंग दिलेल्या पत्र्याच्या, तसेच पुठ्ठ्याच्या व प्लॅस्टिकच्या पाट्या प्रचारात आल्या. थुंकी लावून पाटी पुसण्याची मुलांची सवय रोगप्रसारास कारण होऊ शकते, म्हणून ओले फडके किंवा पाण्यात भिजविलेला स्पंजाचा तुकडा डबीत घालून जवळ ठेवण्यास शाळांतून शिकविले जाई. दसऱ्याच्या दिवशी पाटीवर ‘१’ या अंकाच्या आवृत्तीतून सरस्वतीची आकृती काढून पाटीपूजन करण्याची महाराष्ट्रातील प्रथा याच पाटीशी निगडित आहे.

भारतात पाटीच्या दगडासाठी आंध्र प्रदेशातील मार्कापूर, तर दगडी लेखण्यांसाठी मध्य प्रदेशातील मंदसौर ही ठिकाणे प्रसिद्ध झाली. लेखण्या कापण्यासाठी यंत्रे आल्यावर कारखान्यांतील हवेत सिलिकायुक्त धुळीचे प्रमाण फार वाढले आणि मंदसौर भागातील अनेक कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य रोग जडला. मध्य प्रदेशात १९८२ मध्ये या कामगारांसाठी कल्याणनिधीचा स्वतंत्र कायदा करण्यात आला. शाळकरी मुलाच्या हातातील अत्यंत स्वस्त वस्तूची खरी किंमत अशा रीतीने दुसरा कोणी मोजीत होता.

फळा : वैयक्तिक पाटीचेच मोठे व सामुदायिक रूप म्हणजे फळा. एडिंबर्ग येथील शिक्षक जेम्स पिलन्स याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भूगोलाच्या अध्यापनासाठी मोठा फळा व रंगीत खडू यांचा वापर केला; अमेरिकेत वेस्ट पॉइंट येथील सैनिकी शिक्षणसंस्थेत १८०१ च्या सुमारास गणितासाठी फळा वापरण्यात आला. फळ्यामुळे अध्यापनाचे स्वरूप पालटले. पंतोजींच्या शाळेत प्रत्येक मूल आपल्या गतीने वेगळा पाठ गिरवी. फळ्यासमोर सर्व वर्ग एकच गोष्ट एकाच वेळी पाहू लागला. वर्गवार शिक्षण, सामुदायिक वाचन व एकच अभ्यासक्रम यांच्याशी फळ्याचा निकट संबंध आहे. प्रौढांच्या साक्षरतावर्गांतही पाटी व फळा हीच मुख्य साधने राहिली. साताऱ्यात १९५९ मध्ये सुरू होऊन पुढे राज्यभर पसरलेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत हजारो प्रौढांनी पाटीवरच पहिली अक्षरे काढली.

स्वातंत्र्यानंतर चार दशके लोटली, तरी देशातील अनेक प्राथमिक शाळांत पुरेसे फळेही नव्हते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार १९८७-८८ पासून राबविण्यात आलेल्या योजनेस ‘खडू-फळा मोहीम’ असे नाव देण्यात आले. प्रत्येक प्राथमिक शाळेत किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि फळ्यासह आवश्यक अध्ययनसाहित्य असावे, असे तिचे उद्दिष्ट होते.

सामाजिक मर्यादा : धूळ सर्वत्र फुकट मिळत असली, तरी धूळपाटी सर्वांना मिळाली नाही. साधन स्वस्त असणे ही विद्याप्रसाराची एक अट होती. शाळेच्या जागेत प्रवेश असणे ही दुसरी. शाळा देवळाच्या ओसरीत वा उच्चवर्णीयांच्या घरी भरत असल्याने ज्यांना तेथे पाऊल ठेवण्यास मनाई होती, त्यांना शाळाही आपोआपच बंद होती. मुलींची स्थितीही फारशी वेगळी नव्हती. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींसाठी शाळा काढली, आणि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करण्याची मागणी केली.

सरकारी शाळांत प्रवेश मिळाल्यानंतरही फळ्याजवळ जाण्याचा हक्क समान नव्हता. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत असता शिक्षकांनी त्यांना फळ्यावर उदाहरण सोडविण्यास बोलाविले. तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे विटाळतील या भीतीने इतर विद्यार्थ्यांनी धावत जाऊन ते हलविले, असा प्रसंग त्यांच्या चरित्रात आला आहे. त्यांच्याच नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी नासिक येथे काळाराम मंदिराचा प्रवेशसत्याग्रह सुरू झाला. ज्या समाजात देवळाची ओसरी हीच पिढ्यान्‌पिढ्या शाळा होती, तेथे या दोन गोष्टी परस्परांपासून वेगळ्या करता येत नाहीत.

आदिवासी भागांत अडचण निराळी होती. तेथे साधनांचा अभाव होता आणि शाळेची भाषा व वातावरण मुलांना परके होते. ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे १९४५ मध्ये सुरू केलेले व १९५७ मध्ये कोसबाड येथे नेलेले बालशिक्षणाचे कार्य या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्यांनी व अनुताई वाघ यांनी विकत आणलेल्या साहित्याऐवजी परिसरातील माती, पाने, बिया, खडे व काड्या यांचा शिक्षणासाठी उपयोग केला आणि मुले गुरे राखतात तेथे जाऊन ‘कुरणशाळा’ चालविली. नासिक व पालघर जिल्ह्यांच्या डोंगराळ पट्ट्यात शेणामातीने सारविलेल्या, गेरूने रंगविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढण्याची परंपरा आहे. पृष्ठभाग सारवून नवा करणे व त्यावर पुन्हा रेखाटणे ही लेखनफलकाचीच क्रिया तेथील घरांना पूर्वीपासून परिचित होती.

घरगुती कृती : घरी बनवावयाच्या लेखनफलकाचे तत्त्व साधे आहे. पृष्ठभाग व लेखनद्रव्य यांचे रंग परस्परविरोधी असावेत, लेखनद्रव्य पृष्ठभागास धरावे, पण त्यात मुरू नये. धूळपाटीसाठी कडेला बारीक पट्टी ठोकलेली फळी किंवा पत्र्याचे तबक पुरते. चाळलेली कोरडी वाळू, विटेची पूड अथवा राख तिच्यावर पसरतात. फळीचा रंग व धुळीचा रंग जितका वेगळा, तितके अक्षर स्पष्ट दिसते. काळ्या पाटीसाठी घासून सपाट केलेल्या फळीवर काजळी किंवा कोळशाची वस्त्रगाळ पूड डिंकाच्या पाण्यात खलून तिचे पातळ हात देतात. प्रत्येक हात वाळल्यावर पृष्ठभाग घोटतात. जुन्या पाटीचा काळेपणा कमी झाला की कोळसा व हिरवा पाला चोळून ती पुन्हा काळी करीत. भिंतीवरील फळ्यासाठी सिमेंटचा गिलावा सपाट करून, तो पूर्ण वाळल्यावर काळा रंग देतात. हा पृष्ठभाग अगदी गुळगुळीत किंवा चकाकणारा असून चालत नाही. खडूचे कण अडकण्यासाठी त्यास सूक्ष्म खरखरीतपणा लागतो आणि चकाकीमुळे बाजूस बसलेल्या मुलांना अक्षरे दिसत नाहीत. खडू पूर्वी नैसर्गिक चुनखडकाचा असे. शाळांत वापरला जाणारा साचेबंद खडू बहुधा जिप्समपासून करतात.

पांढरा फळा : मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्याचे पांढरे फळे अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यास तयार होऊ लागले. प्रारंभी त्यांवरील शाई ओल्या फडक्याने पुसावी लागे. १९७० नंतरच्या दशकात कोरड्या फडक्याने पुसता येणारी शाई उपलब्ध झाल्यावर त्यांचा प्रसार वाढला. या शाईत रंगद्रव्य, लवकर उडून जाणारा अल्कोहॉलासारखा द्रावक आणि रंगाला पृष्ठभागास घट्ट चिकटू न देणारे तेलकट द्रव्य असते. द्रावक उडाल्यावर रंगाचा पातळ पापुद्रा पृष्ठभागावर राहतो व पुसताच निघतो. यासाठी पृष्ठभाग छिद्ररहित व गुळगुळीत असावा लागतो; म्हणजे येथे काळ्या फळ्याच्या नेमकी उलट गरज असते.

हे तत्त्व लक्षात घेतल्यास कारखान्यात बनलेल्या महागड्या फळ्याऐवजी घरगुती पर्याय वापरता येतात. काचेच्या मागे पांढरा कागद लावून किंवा तिची मागील बाजू पांढऱ्या रंगाने रंगवून उत्तम फलक तयार होतो. काच शाई मुळीच शोषून घेत नाही, मात्र तिच्या कडा घासून किंवा चौकटीत बसवून घ्याव्या लागतात. सुतारकामातून उरलेले पांढऱ्या, चकचकीत लॅमिनेटचे तुकडे प्लायवुडवर चिकटवून मुलांसाठी हातातील पाट्या करता येतात. पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाकिटात पांढरा कागद घालून केलेली पाटी सर्वांत स्वस्त पडते. आत रेघांचा, चौकटींचा किंवा नकाशाचा कागद घातल्यास तिचा उपयोग वाढतो. लॅमिनेटवर कालांतराने बारीक चरे पडतात व त्यांत शाई अडकून जुन्या अक्षरांची छाया दिसू लागते. अशी छाया त्याच शाईने पुन्हा गिरवून लगेच पुसल्यास किंवा अल्कोहॉलाच्या बोळ्याने पुसल्यास बरीचशी निघते, कारण नव्या द्रावकात जुना रंग विरघळतो. साधा रंग दिलेली फळी किंवा कागद यांत शाई मुरते, म्हणून ते निरुपयोगी ठरतात. पांढऱ्या फळ्यामुळे खडूची धूळ टळते. तथापि त्याची लेखणी विकत घ्यावी लागते, सुकते व फेकून द्यावी लागते. फलक घरी बनविता आला, तरी लेखणी घरी बनविता येत नाही, हा धूळपाटी व काळी पाटी यांच्या तुलनेत त्यातील मोठा उणेपणा आहे.

अलीकडील काळ : एकविसाव्या शतकात संगणक, प्रक्षेपक व स्पर्शसंवेदी पडदे शाळांत आले. मात्र मार्च २०२० पासून करोना महासाथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा ज्यांच्या घरी स्मार्टफोन वा जालजोडणी नव्हती, अशी मुले शिक्षणापासून तुटली. या काळात सोलापूरच्या निलमनगर भागात घरांच्या बाहेरील भिंतींवर पाठ रंगविण्यात आले, तर झारखंडमधील डुमरथर या गावी घरांच्या मातीच्या भिंतींवर प्रत्येक मुलासाठी काळा फळा तयार करण्यात आला; मुले त्यांसमोर अंतर ठेवून बसत आणि शिक्षक गावातून फिरून शिकवीत. मातीची भिंत, काळा रंग आणि खडू यांवर शाळा चालू राहू शकते, हे त्या दोन वर्षांत दिसून आले. गोवर्धनच्या श्रेणींच्या काळापासून चालत आलेला लेखनफलक अजूनही साध्या द्रव्यांतून गावातच तयार होऊ शकतो, आणि म्हणूनच नवी साधने जेथे पोहोचत नाहीत किंवा बंद पडतात, तेथे त्याचा वापर टिकून आहे.